एका शब्दापाशी थांबणाऱ्या बाई

सुलोचनाबाई साळवे यांची आणि माझी ओळख माझ्या घाईमुळे झाली. अंबरनाथ पूर्वेच्या ख्रिस्ती मंडळीत मी तेव्हा नवी होते. वर्षभरात सगळं पवित्र शास्त्र वाचून काढायचा नेम मी केला होता आणि उपासनेनंतर त्याचं कौतुक सांगत होते. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आज सकाळी काय वाचलंत?" मला आठवेना. त्या हसल्या नाहीत. "शनिवारी संध्याकाळी घरी या. आम्ही थोडंच वाचतो," एवढंच म्हणाल्या.

उल्हासनगरच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या बाईंच्या घरी आम्ही काही जणी जमत असू. उतारा चार-पाच ओळींचा. एकीनं सावकाश वाचायचा, मग दुसरीनं तोच पुन्हा. जो शब्द मनाला धरून ठेवील त्यापाशी थांबायचं, त्यावरून प्रार्थना करायची आणि शेवटी काही न मागता नुसतं देवासमोर बसायचं. शेजारच्या फ्लॅटमधला टीव्ही ऐकू येई. मी कुरकुर केली तेव्हा बाई म्हणाल्या, "असू द्या. त्यांचं घर आहे. आपण आपलं ऐकू." कुणी अर्थ सांगायला लागलं तर मात्र त्या अडवत. "अर्थ रविवारी पाळकसाहेब सांगतील. तुम्हाला काय लागलं ते सांगा."

आमच्यातल्या शोभाताई बदलापूरहून येत. त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी तापानं गेली. तिच्यासाठी आम्ही सगळ्यांनी प्रार्थना केली होती. काही आठवड्यांनी शोभाताई पुन्हा आल्या. वाचन झालं, सगळ्या गप्प बसल्या होत्या, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "बाई, तुम्हाला तरी देवाचा आवाज येतो का? खरं सांगा."

बाईंनी हातातलं पवित्र शास्त्र मिटलं. मग म्हणाल्या, "पूर्वी वाचताना कुणीतरी जवळ आहे असं वाटायचं. आमचे हे गेले, तेव्हापासून नाही वाटलं."

"मग आम्हाला कशाला बसवता?"

"मला तो अजून हवा आहे म्हणून. दुसरीकडे कुठं जाऊन वाट बघू, ते मला माहीत नाही."

शोभाताई चपला घालून निघून गेल्या. बाईंनी हे बोलायला नको होतं, असं एक-दोघींना वाटलं आणि त्यांनी यायचं बंद केलं. मला मात्र हलकं वाटलं. माझ्याही सकाळी कोरड्याच जात होत्या, आणि तसं कुणाला सांगायचं धाडस मला झालं नव्हतं.

त्यानंतर बाई दुखऱ्या गुडघ्यांनी बदलापूरला जाऊ लागल्या. शोभाताईंनीच पुढे मला सांगितलं, "बाई यायच्या, माझ्यासोबत भाजी निवडायच्या आणि पोरीबद्दल विचारायच्या. तिला काय आवडायचं, ती कशावरून रुसायची. देवाचं नाव एकदाही काढलं नाही हो."

दिवाळी झाल्यावर शोभाताई एका शनिवारी आपणहून आल्या. उतारा स्तोत्रातला होता. कोणता शब्द लागला हे सांगायची पाळी आली तेव्हा त्या म्हणाल्या, "कुठवर." बाई उठून त्यांच्या शेजारी बसल्या. "माझाही तोच," म्हणाल्या. त्या दिवशीची प्रार्थना शोभाताईंनी केली. मुलीचं नाव घेऊन, देवावर रागावून, रडून. बाईंनी त्या प्रार्थनेला 'आमेन' म्हटलं.

मी आता नागपूरला मुलाकडे राहते. शनिवारी संध्याकाळी उतारा एकटीच दोनदा वाचते. दुसऱ्यांदा वाचताना माझाच आवाज ऐकावा लागतो, आणि बाईंच्या त्या लहानशा खोलीची फार ओढ लागते.

बाईंना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांच्या पायांना जिने चढण्याचं बळ मिळो, डोळ्यांना अक्षरं स्वच्छ दिसत राहोत, आणि पुष्कळ वर्षं त्यांच्या घरी वाचायला माणसं येत राहोत. ज्याची त्या इतक्या निष्ठेनं वाट पाहत आहेत, त्यानं त्यांना याच आयुष्यात भेटावं, एवढंच आम्हा सगळ्यांचं त्याच्याकडे मागणं आहे.