वारा बघून मांडलेलं खळं

गोदामाला आता मी कुलूपसुद्धा लावत नाही. आत ठेवायला काही उरलेलं नाही, आणि काही ठेवावं असं वाटतही नाही.

सोयाबीन काढणीला आलं की पाऊस हटकून यायचा. ओला दाणा आम्ही देगलूरच्या रस्त्याकडेला डांबरावर पसरायचो आणि त्यावरून जीपा जायच्या. तेव्हा शेतातच सिमेंटचं खळं करायचं, शेजारी पत्र्याचं गोदाम बांधायचं आणि पुढंमागं गरम हवेचं वाळवणी यंत्र बसवायचं, असं मी ठरवलं. मी शाळेत शिकवते. पण आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, गुडघ्यांनी दगा दिल्यापासून शेतीही मीच बघते. बियाणं मी ठरवायची, फवारणी मी ठरवायची. सालगड्यानंही त्यांना विचारणं सोडलं होतं. एकदा तो त्यांच्यासमोरून सरळ माझ्याकडं आला, "ताई, कोळपणी कुठून धरू?" आबा बाजेवर बसून बोटं मोडत राहिले. मला फार वाईट वाटलं.

म्हणून मी चौकटीच्या कागदावर काढलेला आराखडा त्यांच्यापुढं पसरला. "आबा, जागा तुम्ही सांगा."

काठी टेकत ते सगळं रान फिरले. जागोजागी मूठभर भुसा डोक्यावर धरून हळूहळू सोडायचे आणि तो कुठं उडतो ते बघायचे. शेवटी ओढ्याकाठच्या सखल तुकड्यावर थांबले. तिथं पात्रातून वारा सरळ वर येतो.

"हितं. खळं वाऱ्याच्या तोंडाला पायजे माय, न्हाईतर उपणायचं कसं?"

आता उपणतंय कोण! भुसा उडवायला मळणीयंत्र आहे. आबांनाही ते माहीत होतं, पण खळं म्हटलं की त्यांचे हात आपोआप वारा शोधू लागायचे. आमच्या भागातल्या कुठल्याही म्हाताऱ्यानं जागा अशीच बघितली असती. ओढ्याच्या धास्तीनं माझ्या मनात विहिरीजवळचा मुरमाड उंचवटा होता. गवंड्यानं विचारलंही, "मालक, वढा फुगला तर?"

आबा उसळले. "माझ्या जल्मात हितं पाणी आलेलं न्हाई. तू इटा मोज."

गवंड्यानं माझ्याकडं पाहिलं. मी तोंडात मिठाची गुळणी धरली. कितीतरी दिवसांनी आबा कुणावर तरी डाफरले होते, आणि मला, शहाणीला, त्याचाच आनंद झाला होता.

त्या वर्षी आधी उघडीप मिळाली. सोयाबीन खळ्यावर छान वाळलं. आबांनी दाणा दाताखाली फोडला आणि "खडखडीत" म्हणाले. पुढच्या पेऱ्याचं बियाणंही आम्ही गोदामातच रचलं. मग झड लागली. चौथ्या दिवशी ओढा पात्र सोडून वर आला आणि गोदामात छातीइतकं पाणी शिरलं.

पाणी उतरल्यावर दार ढकललं तर पोती फुगून शिवणीतून फाटलेली. दाण्यांना कोंब आलेले. कुजक्या सोयाबीनचा वास काय असतो, ते ज्यानं घेतलाय त्यालाच ठाऊक. विहिरीजवळच्या मुरमावर मात्र पाणी साचलेलंही नव्हतं. आबा तिथं उभं राहून खाली बघत होते.

मला ते सहन झालं नाही. त्यांच्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून मी म्हणाले, "आबा, तुमची चूक न्हाई. पाणी येईल हे मला दिसत होतं. मीच बोलले न्हाई."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुला दिसत हुतं?"

"हाव."

"मग मला इचारलंस कशाला?"

पिकाचं दुःख त्यांनी पचवलं असतं. पण मी त्यांना लहान मुलासारखं खेळवलं, हे त्यांना त्या क्षणी कळलं, आणि ते मीच माझ्या तोंडानं सांगितलं होतं.

रब्बीच्या तोंडावर मला खरोखरच अडलं. पुराचा गाळ बसलेल्या रानाला वाफसा कधी येईल, पेरणीजोगी ओल कधी होईल, ते मला कळेना. आबांनी नुसती चिमूटभर माती चोळली असती तरी सांगितलं असतं. मी ढेकूळ घेऊन त्यांच्या बाजेशी गेले. आबांनी ते हातातही घेतलं नाही.

"तुझं तू बघ," ते म्हणाले. "मला बरं वाटावं म्हणून आता काय इचारू नको."