बर्फावरची मोहरी

हसा, पण चहाचा घोट गिळून मग हसा, नाहीतर ठसका लागेल. आणि एक सांगून ठेवते, त्या दिवशी माझ्या पायांना जे कापरं भरलं होतं ना, ते अगदी खरं होतं!

आम्ही मूळचे अमळनेरकडचे. आता राहतो सुरतेला; आमचे हे तिथल्या पांडेसरा भागात डाइंग मिलमध्ये आणि मी घरबसल्या साड्यांना खडे चिकटवते. धाकट्या बहिणीची मुलगी अश्विनी कॉलेजसाठी आमच्याकडे राहते. तिला सोडून जाताना बहीण एवढंच म्हणाली होती, "ताई, तुझ्या भरवशावर ठेवतेय." झालं! तेव्हापासून पोरगी शिंकली तरी माझा जीव वरखाली.

एक दिवस अश्विनी म्हणाली, "मावशी, मी कर्लिंगला नाव दिलंय."

कर्लिंग! म्हणजे केस कुरळे करायचं! मला कोण आनंद!

"छान केलंस गं. पुढेमागे स्वतःचं पार्लर टाकशील."

"पार्लर?" ती गोंधळली. पण तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, मी आत पळाले आणि विषय तिथेच मिटला. एका शिट्टीने माझा केवढा घात केला ते बघा!

मी बहिणीला फोन करून सांगितलं. गल्लीत सांगितलं. शेजारच्या हंसाबेनला तर लग्नसराईत फुकट केस करून द्यायचं वचनही देऊन बसले.

पण पोरगी हळूहळू बदलायला लागली.

मे महिना होता. सुरतेचा मे म्हणजे नळाचं पाणीसुद्धा हात भाजतं. आणि ही दुपारची घरी आली की हिचे हात गार. साधे गार नाही हो, आतून गार! गुडघे काळेनिळे. कुठे लागलं विचारलं तर म्हणायची, "घसरले." रोज? आणि केस कुरळे करायला शिकणाऱ्या मुलीच्या स्वतःच्या केसांची तीच घट्ट वेणी!

एका दुपारी माझा जरा डोळा लागला होता. स्वयंपाकघरातून आवाज आला. खर्रर्र... खर्रर्र... उठून दारात गेले तर काय, पाण्याने भरलेला स्टीलचा डबा ओल्या फरशीवरून एकटाच सरकत येतोय! त्याच्या मागे कुणी नाही, पुढे मात्र अश्विनी. कमरेत वाकलेली, हातात झाडू, डब्याच्या पुढची फरशी वेड्यासारखी घासतेय. डोळ्यांची पापणी लवत नव्हती.

"काय व माय, काय करी ऱ्हायनी तू?" घाबरले की माझ्या तोंडून अहिराणीच निघते.

तिने वर बघितलंच नाही. डब्याकडे बघत पुटपुटली, "हाऊसमध्ये जा... हाऊसमध्ये जा..."

कोणाच्या घरात जा? माझ्या? मी तिथेच देवाचं नाव घेतलं.

हंसाबेनला सांगितलं तर तिने माझा हात घट्ट धरला. "बेन, आ तो वळगाड छे." म्हणजे पोरीला झपाटलंय! "जाते कुठे ती रोज?"

कुठे जात होती ते मला माहीत होतं. भेस्तानच्या पुढे बटाट्याचं एक जुनं कोल्ड स्टोरेज आहे. कित्येक वर्षं बंद पडलेलं. त्याला नवीन रंग देऊन आत काहीतरी क्लास चालू केलाय एवढंच मी ऐकलं होतं. हंसाबेनने मात्र वेगळंच ऐकलं होतं. तिथला एक वॉचमन म्हणे नोकरी सोडून पळाला. का? तर कुलूप लावलेल्या गोदामातून झाडू मारल्याचा आवाज यायचा!

पुढच्या रविवारी सकाळी अश्विनी काळे कपडे घालून निघाली. निघताना कधी नव्हे ती माझ्या पाया पडली. म्हणाली, "मावशी, आज शेवटचा दिवस. आज सगळं संपेल."

तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?

मी मीठ, मोहरी आणि सुक्या लाल मिरच्या घेतल्या. थोड्याथोडक्या नाही, चांगली पिशवीभर! हंसाबेनने बजावलं होतं, जिथे धरलंय तिथेच उतरवून टाक. रिक्षा केली. रिक्षावाल्याने नेमकं इमारतीच्या मागच्या बाजूला सोडलं. पुढच्या फाटकावर म्हणे हा मोठा फलक होता, राष्ट्रीय महिला कर्लिंग स्पर्धेचा. तो मला दिसला असता तर आज हा किस्साच झाला नसता.

मागचं लोखंडी दार ढकललं. बाहेर टळटळीत ऊन, आणि आतून पांढरा धूर अंगावर आला. गार, ओला, वास नसलेला. माझ्यामागे दार आपोआप बंद झालं.

आत पांढरंफटक. जमीनसुद्धा पांढरी. डोळे सरावले तेव्हा दिसलं, एक माणूस पाठीवर टाकी बांधून उलट्या पावलांनी चालतोय आणि जमिनीवर पाण्याचे थेंब शिंपडत जातोय. उलट्या पावलांनी! शिंपडत शिंपडत तो धुक्यात गेला आणि दिसेनासा झाला.

मग खाली बघितलं. जमिनीत रिंगण होतं. निळं, त्याच्या आत पांढरं, त्याच्या आत लाल. रिंगणात काळे गोल धोंडे.

तेवढ्यात लांबून घरघर ऐकू आली. जात्याची असते तशी, पण जात्यावर कुणी नसताना. धुक्यातून एक धोंडा गोल फिरत, आपला आपण माझ्या दिशेने येत होता. त्याच्या मागे अश्विनी. जमिनीला जवळजवळ चिकटलेली, एक पाय मागे फरफटत, हात पुढे पसरलेला. धोंड्याच्या पुढे दोन बाया झाडूंनी जमीन घासत धावताहेत. आणि माझ्या बाजूने, रिंगणापाशी उभी असलेली तिसरी बाई छाती फुटेल अशी किंचाळली, "हरीऽऽ! हरीऽऽ!"

देवाचं नाव घेत नव्हती हो ती! "हरी अप" मधलं "हरी"! घाई करा म्हणत होती! पण हे मला कोण सांगणार?

"अश्विनीऽऽ!" मी पिशवी उघडून पळाले.

किती पावलं? दोन. तिसऱ्या पावलाला चप्पल एकीकडे, मी दुसरीकडे. बसल्या बसल्या अशी घसरत निघाले की रिंगणाच्या मधोमधच जाऊन थांबले. पिशवी हवेत उलटी झाली. मीठ, मोहरी, मिरच्या, सगळा सडा बर्फावर! आणि तो धोंडा घरघरत माझ्या अंगावर! मी डोळे मिटले.

कर्र... कर्र... कर्रर्र...

मोहरीवरून जाताना धोंड्याने दात खाल्ले आणि माझ्या पायापासून वीतभर अंतरावर थांबला.

काचेपलीकडे बसलेले प्रेक्षक उभे राहिले. आणि समोरून अश्विनीचा आवाज आला, "मावशी?"

"घाबरू नको बाळा, मी आलेय," मी खालूनच ओरडले. "सोडा रे तिला! काय हवं ते माझ्याकडून घ्या!"

कर्लिंग म्हणजे म्हणे बर्फावरून दगड सरकवत रिंगणात नेऊन बसवायचा खेळ; पुढचा बर्फ झाडूने घासला की दगड लांब जातो, आणि त्या रिंगणालाच 'हाऊस' म्हणतात! किंचाळणारी बाई त्यांची कॅप्टन निघाली. उलट्या पावलांनी चालणारा बर्फाची निगा राखणारा कर्मचारी, शेजारची पट्टी पुढच्या सामन्यासाठी तयार करत होता. आणि तो धोंडा? तो तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यातला गुजरातचा शेवटचा दगड! अगदी नेम धरून येत होता म्हणे. मिठाने बर्फ चरचरून वितळायला लागला होता.

पंचांनी ठरवलं, बर्फ दुरुस्त करायचा आणि शेवटचा दगड परत टाकायचा. तीन तास लागले. दोन्ही संघांच्या आठ मुली गुडघ्यांवर बसून मोहरी वेचत होत्या, नववी मी. समोरच्या संघातल्या एका पहाडी मुलीने एक दाणा बोटावर घेऊन अगदी आदराने विचारलं, "आंटी, ये खेल का कोई नया नियम है क्या?"

मी मान खाली घालून वेचत राहिले. अश्विनी माझ्या शेजारीच होती. वेचलेले दाणे माझ्याच पिशवीत टाकत होती.

परत टाकलेला दगड चार बोटं अलीकडे थांबला. गुजरात चौथं आलं.

घरी येताना रिक्षात मी रडले. खरंच रडले. तीन महिन्यांची मेहनत पोरीची, आणि मी तिच्यावर मीठ ओतलं! तिसऱ्या दिवशी भांडी घासताना मागून येऊन म्हणाली, "मावशी, तू ज्या जागी जाऊन बसलीस ना, तिथे माझा दगड बसला असता तर आम्ही जिंकलो असतो. पुढच्या वर्षी संघात तूच ये." मग आम्ही दोघी हसलो, पोट दुखेपर्यंत.

संध्याकाळी अमळनेरहून बहिणीचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"ताई, आपल्या अश्विनीची बातमी आलीय गं पेपरात, पार्लरची नाही, खेळाची! वाचू? 'तांत्रिक कारणामुळे सामना तीन तास थांबवावा लागला.' कसलं गं हे तांत्रिक कारण?"

मी अश्विनीकडे बघितलं. डोळ्यांनी विनवलं, नको सांगूस. पोरीने शांतपणे फोन उचलला.

"आई, पेपरवाल्यांनी अगदी खरं छापलंय. तांत्रिक आपल्याच घरातली होती. घे, बोल तिच्याशी."