कॉकटेलच्या पुस्तकातली बर्फाची पानं

माझ्या नातीला कॉकटेलचं पुस्तक घ्यायचं होतं आणि मला तिचं लग्न ठरवायचं होतं. ही दोन वेगळी कामं आहेत असं मला वाटत होतं.

आम्ही वेसाव्याचे कोळी. माझी हयात मासे विकण्यात गेली, आणि गुडघे गेले तरी सकाळी थोडा वेळ बाजारात अजून बसते. नातीला आई नाही, बाप म्हणजे माझा मुलगा बोटीवर असतो, म्हणून सोयरिकीचं बोलणं माझ्याकडे आलं. मुलगा जोगेश्वरीचा, मालवणी, वांद्र्याला तिच्याच ऑफिसात कामाला. मला तो पसंत होता. बांगड्याचं डोकं टाकून देत नाही, चोखून खातो, एवढं मी बघून घेतलं होतं. अडचण त्याच्या आईची होती.

आमच्या घरात सोयरीक जुळली की एक पेला भरतात. मुलीकडची सगळ्यात म्हातारी बाई तो भरते, चार थेंब जमिनीवर पूर्वजांना सोडते, स्वतः एक घोट घेते आणि पेला मुलाच्या आईच्या हातात देते. तिने घोट घेतला की ठरलं. नाही घेतला, तर तोंडाने कितीही गोड बोला, ठरलेलं नाही. पेल्यात दारू असते. माझ्या वेळी ताडी होती, माझ्या मुलाच्या वेळी रम होती.

जोगेश्वरीच्या या बाईचा नवरा दारूने गेला. तिने मुलाबरोबर निरोप पाठवला की त्या घरात दारूची बाटली दिसली तर मी उठून जाईन. मुलगा बिचारा हे सांगताना माझ्याकडे न बघता पंख्याकडे बघत होता.

तो गेल्यावर मी नातीला विचारलं, "मग पेला कसला भरू गो? उसाच्या रसाचा?"

"ते माझ्यावर सोड, आजी."

नातीला हा नाद आधीपासून होता. तिच्या खोलीत चाकांची एक स्टीलची घडवंची आहे, तिच्यावर बाटल्या, मापं, हलवायचा डबा. शनिवारी मैत्रिणी येतात, ही त्यांना मोबाईलवर बघून काहीबाही बनवून देते. पण मोबाईलवर तिचं भागत नव्हतं. एक म्हणतो हलव, दुसरा म्हणतो अजिबात हलवू नको. तिला एक धड पुस्तक हवं होतं, आणि आता तर बिनदारूचं कॉकटेल शिकवणारं हवं होतं.

"दारू काढली की उरतं ते सरबत," मी म्हटलं.

"सरबत तू कसं पितेस?"

"गटागट."

"आणि तो पेला गटागट प्यायचा असतो का?"

तिचं बरोबर होतं. उन्हातून आल्यासारखा कोणी तो पेला रिकामा केला, तर ती सोयरीक झाली नाही, तहान भागली.

माझ्या गुडघ्याचा डॉक्टर अंधेरीला बसतो. त्याच रस्त्यावर पुस्तकांचं मोठं दुकान आहे. डॉक्टरकडून निघाल्यावर नात मला तिथे घेऊन गेली. मी पहिल्यांदाच आत गेले. थंडगार होतं आणि बसायला खुर्ची होती, त्यामुळे माझी तक्रार नव्हती.

दारूच्या पुस्तकांचं एक आख्खं फडताळ होतं. सगळी इंग्रजी. मी चौथी शिकले, तीही मराठीत, म्हणून नात वाचून अर्थ सांगायची आणि मी चित्रं बघायची. तिने तीन पुस्तकं काढून माझ्या मांडीवर ठेवली.

पहिलं जाड, गुळगुळीत, पानापानावर फोटो. पेल्यांवर फुलं, पेल्यांतून धूर, एका पेल्यात तर सोन्याचा वर्ख. दुसरं बारीक, त्यात नुसती नावं आणि मापं, ती मापंही परदेशातली. ते मी लगेच बाजूला ठेवलं. तिसऱ्यात फोटो जवळजवळ नव्हतेच, अक्षरंच अक्षरं.

नातीची पारखायची रीत अशी. पुस्तक मधेच उघडायचं, एक पेला निवडायचा आणि त्याला लागणाऱ्या वस्तू मोजायच्या. त्यातल्या किती घरात आहेत, किती वेसाव्याच्या बाजारात मिळतील, आणि किती विमानाने आणाव्या लागतील. पहिल्या पुस्तकात सगळं विमानाने यायचं होतं. तिसऱ्यात लिंबू, साखर, आलं, मीठ, सोडा, एखादी बाटली. शिवाय एखादी वस्तू नसेल तर तिच्या जागी काय घालावं, तेही दिलेलं होतं.

"हेच घेऊ या," ती म्हणाली. "हा माणूस नुसतं घाला घाला म्हणत नाही. का घालायचं ते सांगतो."

"सुरुवातीला काय आहे?"

तिने पानं उलटली. "बर्फ."

"आणि पुढे?"

"पुढेपण बर्फच आहे. बरीच पानं आहेत."

मी म्हटलं, "वेडी झालीस काय? बर्फावर पानं खर्च केलीत आणि फोटो द्यायला जागा नाही? जन्मभर बर्फ फोडला मी. आम्हाला हा बर्फ शिकवणार?"

दुकानातली माणसं बघायला लागली. नात म्हणाली, "आजी, हळू बोल ना."

मी हळू बोलले, पण ऐकलं नाही. लग्नाचं काम आहे, बघणाऱ्याला शोभा दिसली पाहिजे, असं म्हणून फोटोवालं घ्यायला लावलं. बाजारात मासा विकताना मी गिऱ्हाइकाला सांगते की नुसती चमक बघू नको, कल्ला उघडून बघ. पुस्तकाला कल्ला कुठे असतो ते मला माहीत नव्हतं.

घरी येऊन बघतो तर बिनदारूचं सगळं शेवटच्या दोन पानांवर. अननसाचा रस, संत्र्याचा रस, वर छोटी कागदी छत्री. नातीने एक बनवलं. मी ते गटागट प्यायले.

"सरबत," मी म्हटलं.

"वाट लागली," ती म्हणाली.

ऑफिसातून येताना ती त्या दुकानात परत गेली आणि तिसरं पुस्तक घेऊन आली. मी तिच्यापुढे चहा ठेवला. तिने पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. आमच्यात भांडण असंच मिटतं.

संध्याकाळी मी भाकरी थापायची आणि ती ओट्याला टेकून वाचायची. बर्फाची पानं मी तिला सोडून द्यायला सांगितली. पुढचं मात्र मला आवडलं. त्या माणसाने दारू पेल्यात काय काम करते ते लिहिलं होतं. घसा जाळते, जिभेवर कडवट राहते आणि पिणाऱ्याला घाई करू देत नाही. दारू काढायची असेल, तर हे सगळं दुसऱ्या कोणाकडून तरी करून घ्यावं लागतं.

"घाई करू देत नाही?" मी म्हटलं. "हळदीला आमच्यात कसे पितात ते ह्याने बघितलेलं दिसत नाही."

पण मुद्दा मला पटला. आम्ही दोघी कामाला लागलो. जाळायला आलं आणि मिरी. कडवटपणाला घट्ट कोरा चहा. आंबटाला पुस्तकात लिंबू होतं, मी म्हटलं कोकम घाल, समोर मालवणी बाई बसणार आहे. गुळाचा पाक थोडा, मीठ थोडं, वरून सोडा. कधी आलं जास्त झालं, कधी चहाने तोंड वाळलं. एके दिवशी नातीने पेला पुढे केला, मी एक घोट घेतला आणि थांबले. दुसरा घ्यावासा वाटला, पण लगेच नाही.

"आता सरबत म्हण," नात म्हणाली.

मी दुसरा घोट घेतला.

मे महिन्यातल्या एका रविवारी मुलगा आणि त्याची आई आली. माझा मुलगा त्या दिवशी बोटीवर गेला नव्हता, इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. नातीने बाटल्यांची घडवंची शेजारच्या घरी नेऊन ठेवली होती. मुलाची आई बारीक, ताठ, बोलायला कमी. आत येताच तिने सगळीकडे एक नजर फिरवली, कपाटावर, टेबलाखाली, कोपऱ्यात. मग बसली.

उकाडा मरणाचा होता. नातीने फ्रीजमधली कोळंबी काढून, कप्पा धुऊन, खास झाकणाच्या डब्यात मोठे स्वच्छ बर्फाचे तुकडे केले होते. ती साडी नेसत होती. मी पाहुण्यांना पाणी दिलं आणि ते सगळे तुकडे पाण्यात घालून संपवले. बर्फ तो बर्फ. आमच्या घरात त्याची कमी कधीच नसते.

पेल्याची वेळ झाली. नातीने सगळं मोजून तयार ठेवलेलं होतं. भरायचं काम माझं. बर्फाचा डबा उघडला तर रिकामा. मी मागच्या दाराला गेले, माशांच्या थर्माकोलच्या डब्यातून चांगला मुठीएवढा तुकडा काढला, धुतला आणि पेल्यात टाकला. वरचा तुकडा होता, माशाला लागलेला नव्हता. माझ्या नाकाला माशाचा वास येणं केव्हाच बंद झालंय, हे त्या वेळी डोक्यात आलं नाही.

बाहेर येऊन चार थेंब जमिनीवर सोडले, घोट घेतला. मला झकास लागलं. पेला मुलाच्या आईच्या हातात दिला.

तिने तो ओठाला लावला नाही. नाकाला लावला.

नात दारात उभी होती, तिने पदर मुठीत धरला होता. बाई डोळे मिटून वास घेत होती, सावकाश. ही घरातला एकेक पेला धुण्याआधी असाच हुंगत आली असणार, हे मला तिच्या मान तिरकी करण्यावरूनच कळलं.

"ह्येच्यात दारू नाय," ती म्हणाली.

नातीने श्वास सोडला.

बाईने पुन्हा एकदा हुंगलं. "बोंबील आसा."

माझा मुलगा उठून खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

"आजी!" नात ओरडली. "कुठला बर्फ घातलास तू?"

"बर्फच घातला."

"थर्माकोलमधला?"

"वरचा होता!"

बाईने पेला खाली ठेवला. घोट घेतलेला नव्हता. आता ही उठते, असं मला वाटलं. नातीचं सगळं माझ्या हाताने घालवलं. पण तिने उठण्याऐवजी विचारलं, "ह्या पुस्तकात बघून केलास ना, गो? माझो झील सांगी होतो. बर्फाचा काय लिवला हा त्येच्यात?"

नात पुस्तक घेऊन आली आणि तिने पहिल्या पानांतलं वाचून अर्थ सांगितला. बर्फ ज्याच्या शेजारी ठेवाल त्याचा वास धरतो, म्हणून तो झाकणाच्या डब्यात वेगळा ठेवावा, आणि वस्तू कितीही चांगल्या असल्या तरी वाईट बर्फ सगळ्यावर पाणी फिरवतो.

"तू सोडून द्यायला सांगितलेली पानं, आजी," ती म्हणाली.

"ऐकलं," मी म्हटलं.

मुलाची आई तोंडाला पदर लावून बसली होती. मग तो पदर हलायला लागला आणि ती मोठ्याने हसली. तिचा मुलगा तिच्याकडे असा बघायला लागला की हा आवाज त्याने बऱ्याच दिवसांत ऐकला नसावा.

ती उठली, पण बाहेर जायला नाही. सरळ माझ्या स्वयंपाकघरात आली. पेल्याला लिंबाची साल चोळून तिने तो स्वतः धुतला. नातीने पुन्हा सगळं मोजलं. बर्फ नकोच, सोडा थंड आहे, तेवढं पुरे, असं बाईनेच सांगितलं. चव बघून म्हणाली, "आला वाढव." नातीने आलं वाढवलं.

पेला पुन्हा माझ्या हातात आला तेव्हा तिने विचारलं, "थेंब पुन्हा सोडूचे लागतले? आणि दारू नाय म्हणान तुमचे पूर्वज रागावले तर?"

"ते सगळे मासे मारणारे होते," मी म्हटलं. "पहिल्या पेल्याला त्यांनी नावं ठेवली नसतील."

तरी थेंब सोडले. घोट घेतला. तिने पेला हातात घेतला, सवयीने एकदा नाकाशी नेला आणि मग घोट घेतला. गिळून पदराने ओठ टिपले.

"ह्या घाईत पिऊक येना नाय," ती म्हणाली, आणि तिने दुसरा घोट घेतला.

नात माझ्याकडे बघत होती. मी मान हलवली. ठरलं.

जेवताना हळदीचा विषय निघाला. मी तो टाळत होते, कारण दारूशिवाय हळद आमच्या वाड्यात कोणी बघितलेली नाही, आणि वाड्याला मी काय सांगणार. पण बाईनेच काढला. काटा बाजूला करत, वर न बघता म्हणाली, "हळदीक तुमची माणसा पितली ती पिऊंदेत, माझ्यापासून लांब. माझ्यासाठी ह्येचा एक पातेला वेगळा ठेवा."

"ठेवते," मी म्हटलं.

"बर्फ मात्र मी जोगेश्वरीसून घेऊन येतलंय."

"आण," मी म्हटलं आणि तिच्या ताटात अजून एक तुकडी वाढली.