मधुकररावांनी उघडलेला लॅपटॉप

मधुकरराव गावंडे हिंगण्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं फिटर होते. मिक्सर असो, कूलरचा पंप असो, शेजाऱ्याची स्कूटर असो, बिघडलं की उघडायचंच. विचारण्याची पद्धत नाही. सून श्वेता घरून काम करते तो लॅपटॉप तव्यासारखा तापून राहिला म्हटल्यावर त्यांचे हात शिवशिवले.

"बाबा, वॉरंटी आहे त्याची. सील तुटलं की संपलं. शनिवारी मी सेंटरवर नेते," तिनं बजावलं.

"मी काहून हात लावू?" ते म्हणाले. आणि ती भाजी आणायला गेल्याबरोबर लावला.

स्क्रूवरचं कागदी सील चहाच्या वाफेवर सोडवलं, ब्रशनं कापसासारखी धूळ काढली, सील पुन्हा जागच्या जागी चिकटवलं. चार दिवस लॅपटॉप गार. पाचव्या दिवशी चालूच होईना.

यंत्रातलं कळतं म्हणून श्वेता त्यांना मुद्दाम सोबत घेऊन प्रताप नगरच्या सर्व्हिस सेंटरला गेली. आत तपासणी झाली. काउंटरवरच्या मुग्धा मॅडम म्हणाल्या, "कोणीतरी उघडला होता. पंख्याची वायर ओढून बसवली, ती तुटली, नि आतलं जळलं."

"शक्यच नाही!" श्वेता तडकली. "सील तर आत्ता तुमच्याच माणसानं तोडलं. हे माझे सासरे, स्वतः फिटर आहेत. यांनी हात नाही लावला तर दुसरं कोन लावणार? विचारा त्यांले!"

मधुकरराव भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

मुग्धा मॅडमनी खालचं झाकण पुढे सरकवलं. प्रत्येक स्क्रूजवळ बारीक लाल रेघ. "मग ही नेलपॉलिश कोनाची?"

मधुकररावांची कारखान्यातली सवय, स्क्रू आवळला की त्यावर रेघ मारायची, सैल झाला तर चटकन कळतं. चोरून केलेल्या कामावरही या शहाण्यानं सही ठोकली होती! नेलपॉलिश सुनेचीच.

श्वेतानं रंग ओळखला. "कंपनीतूनच असंल तसं," ती हळूच म्हणाली.

आता ती त्यांच्यासाठी खोटं बोलत होती. चारचौघांत.

"मी उघडला, मॅडम," मधुकरराव कॅलेंडरकडेच बघत म्हणाले. "इले माहीत नव्हतं."

"धूळच होती ना काका? ती तर वॉरंटीत आम्हीच काढून देतो. नुसता घेऊन यायचा." बाई अगदी मायेनं बोलली, त्यानं आणखीच लागलं.

बाहेर श्वेतानं स्कूटर काढली. चिडली असती तरी चाललं असतं.

"बसा, बाबा."

बसताना ते रोज तिच्या खांद्याचा आधार घेत. आज हात अर्ध्यातून मागं आला, आणि त्यांनी सीटमागची दांडी धरली.