आई ओ, बाबा ओ, मी ए

मी हसत बोललेल्या एका वाक्यामुळं माझ्या आईनं चार वर्षं संशय सोसला.

तो ज्यांनी पुसला, त्या सुनंदा मॅडम आज सकाळी गेल्या.
आदिलाबादला ब्लड बँकेत टेक्निशियन होत्या.

मी दहावीत होते. शाळेत रक्तगट तपासला, माझा ए निघाला. आईबाबांचे दवाखान्याचे जुने कागद घरात होते. दोघंही ओ.

जेवताना बोलून गेले, "आई ओ, बाबा ओ, अन् मी ए! सर म्हणतात असं होतच नाई."

आत्या तिथंच बसली होती. तिनं बाबांकडं पाहिलं.

त्या दिवसापासून बाबा आईशी कामापुरतं बोलू लागले. "मिरच्या तोडल्या का." "मोटर बंद कर." बस.
माझ्याशी तेवढंही नाही.

भाजी घेऊन दोघं उटनूरच्या बाजाराला एकाच ऑटोत जायचे. मध्ये वांग्यांचं टोपलं ठेवायचे.

आई एकदाच म्हणाली, "म्या काईच केलं नाई."
पुन्हा तो विषय तिनं काढला नाही.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. रक्त जाऊन जाऊन पांढरीफट्ट पडली. ऑपरेशनआधी रक्त चढवायचं होतं.

ओची बॅग क्रॉसमॅचला लावली. जुळली नाही.
दुसरी लावली. तिसरी.
एकही जुळेना.

सुनंदा मॅडम म्हणाल्या, "हे साधं ओ नाही. मला अजून थोडं सॅम्पल द्या."

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. काचेची नळी उजेडात धरून पुन्हा पुन्हा बघत होत्या. मी दारातून त्यांनाच बघत होते.

शेवटी बाहेर आल्या. "बॉम्बे ग्रुप आहे. फार थोड्या लोकांत असतो. साध्या टेस्टमध्ये ओच दिसतो. पण ओचं रक्त चढवलं असतं तर वहिनींच्या जिवावर बेतलं असतं."

फोनवर फोन केले. हैदराबादला एक डोनर मिळाला. दुसऱ्या दिवशी बर्फाच्या डब्यातून बॅग आली.

आई वाचली.

पुढं कधी लागलं तर म्हणून मॅडमनी घरच्यांचे ग्रुप विचारले. मी खाली बघत सांगितलं. बाबा ओ. मी ए.

"ए? नक्की?"

बाबा उठून चालले.

"बसा भाऊ," मॅडम म्हणाल्या. "ए ग्रुपला उभं राहायला खाली पाया लागतो. त्याला एच म्हणतात. वहिनींच्या रक्तात तो पायाच नाही. त्यामुळं त्यांच्यात ए असला तरी टेस्टमध्ये दिसणार नाही. पोरीला ए आईकडून मिळाला असेल, अन् पाया तुमच्याकडून."

"असंन म्हणता," बाबा म्हणाले. "पण हाये का?"

"बरोबर विचारलंत. माझ्या नळीत ते दिसत नाही. जीन तपासावा लागेल."

आमचे तिघांचे सॅम्पल त्यांनीच हैदराबादच्या मोठ्या लॅबला पाठवले.

दोन महिन्यांनी, सुट्टीच्या दिवशी, मॅडम बसनं आमच्या गावी आल्या. आत्यालाही बोलावून घेतलं. सगळ्यांसमोर रिपोर्ट वाचला.

आईत ए होता. एच बनवणारा जीन मात्र तिच्या आईवडिलांकडून, दोन्हीकडून बिघडलेलाच आलेला.
"पोरीचा ए आईचाच आहे. बाहेरून आलेला नाही."

मॅडमनी कागद आईपुढं धरला.

आई म्हणाली, "मले काऊन दाखवता? मले माईतच होतं. त्याईले दाखवा."

बाबांनी कागद घेतला. इंग्रजीतला. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी किती तरी वेळ हातात धरून बसले.

मग म्हणाले, "चुकलं माहं."

आई मॅडमसाठी चहा टाकायला आत गेली. बाबांशी मोकळं बोलायला तिला पुढं बरेच महिने लागले. तो तिचा हक्क होता.

मला आजही नवल वाटतं. बाजारात बसून वांगी विकणाऱ्या माझ्या आईच्या रक्तात असं काही दडलेलं होतं, जे तिलाही ठाऊक नव्हतं. अन् एका बाईनं नळीत गोळा झालेल्या रक्ताच्या बारीक दाण्यांवरून ते ओळखलं!

मॅडमचं काम रक्त मिळवून देण्याचं होतं. ते झालं होतं. माझा ग्रुप ऐकून त्या तिथंच थांबल्या असत्या, तरी त्यांना कुणी काही म्हटलं नसतं.

आज आम्ही तिघं मंचेरियलला त्यांच्या घरी गेलो.

आईनं त्यांच्या पायांवर हात ठेवला. लवकर काढला नाही.

बाबा हात जोडून एवढंच म्हणाले, "बाई, तुमी माहं घर राखलं."

सुनंदा मॅडम, आमचा शेवटचा नमस्कार घ्या.