राजा दुपारपर्यंत पोचतो

अंबरनाथच्या कॉलनीत शशिकांत कर्णिकांबरोबर पिक्चर बघायला कुणी धजावत नसे. यात चूक आहे असं कुणी म्हणालं रे म्हणालं, की कर्णिक व्हीसीआर थांबवत आणि ती चूक नाहीच हे पटवून देईपर्यंत टीव्हीवरची परी हवेत लटकून थरथरत राही. एमआयडीसीतल्या कारखान्यात ते डिस्पॅच ऑफिसर. माल निघाला कधी, पोचला कधी, हे जुळलं नाही तर त्यांना जेवण जात नसे. परीकथांची कार्टून म्हणजे तर जीव की प्राण. उडती खाट उशिरा पोचली, तर समोरून वारा असणार!

कॅसेटी त्यांच्या पत्नी कुमुदिनीबाई आणत, दर शनिवारी, उल्हासनगरहून. तिथं त्यांच्या जावयाची, गोपीची, व्हिडिओ लायब्ररी होती. लेकीनं, अंजनीनं, सिंधी मुलाशी लग्न केलं तेव्हा कर्णिकांनी तोंड फिरवलं ते फिरवलंच. कुणी विचारलं की म्हणत, "लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणी पिऊ नये." मग नात झाली. ती चालायला लागली, तरी आजोबांचा पाय निघेना. जावयाच्या कॅसेटी मात्र मिटक्या मारत बघायचे आणि त्या येतात कुठून, हे चुकूनही विचारायचे नाहीत. खरं तर लेकीसाठी माणूस आतून झुरत होता. आता जायचं ते कोणत्या तोंडानं, एवढंच अडलं होतं.

त्या शनिवारच्या कार्टूनमध्ये रुसून गेलेली राजकन्या दिवसचे दिवस रान तुडवत एका झोपडीपाशी पोचली. राजा मात्र सकाळी घोड्यावर बसला आणि दुपारी झोपडीच्या दारात हजर.

"हे काय हो?" कुमुदिनीबाई म्हणाल्या. "तिला इतके दिवस आणि ह्याला अर्धा दिवस?"

कर्णिकांनी खुशीत बटण दाबलं. "चूक नाहीच मुळी! ती रडत निघालेली, रानात गोल गोल फिरली असणार. झोपडी असेल हाकेच्या अंतरावर. राजाला ठिकाण ठाऊक, मग वेळ कशाला लागतोय?"

"मग एका स्टेशनाच्या अंतरावर राहणाऱ्या राजाला चार वर्षं का लागतात? ठिकाण तर त्यालाही ठाऊक आहे."

टीव्हीवर राजा दारातच थरथरत उभा होता. उरलेला पिक्चर कर्णिकांनी लावलाच नाही.

दुसऱ्या दिवशी जेवण होताच त्यांनी कॅसेट काखोटीला मारली. "परत करायला हवी," असं पुटपुटत रिक्षात बसले.

गोपी काउंटरवरून जवळजवळ उडीच मारून बाहेर आला. "अरे पप्पाजी! आओ, आओ! अंजू, बघ कोण आलंय!"

दुकानामागच्या खोलीतून अंजनी पाण्याचा पेला घेऊन आली आणि तो द्यावा की नाही, या विचारानं उंबऱ्यातच थबकली. कर्णिकांनी पुढे होऊन पेला घेतला आणि एका दमात रिकामा केला.

"बाबा, एवढ्या जवळून यायला एवढा वेळ?" तिला हसूही येत होतं आणि रडूही.

"चूक आहे, अंजू," कर्णिक म्हणाले. "सरळ सरळ चूक आहे."

आणि तिच्या पदराआडून डोकावणाऱ्या नातीला उचलून घ्यायला ते खाली वाकले.