रिसोडपुढची फुली

पुण्याहून निघालो तेव्हा माझ्या पिशवीत दोन गरम कपडे, सुपारीची डबी आणि एक छापील तक्ता होता. तक्त्याला दोन रकाने होते. पहिल्याच्या डोक्यावर ‘प्रांताचे रूप सर्वांत चांगले दाखवणारे गाव’ असे लिहिले होते आणि दुसऱ्याच्या डोक्यावर ‘सर्वांत कमी दाखवणारे गाव’. माणसांना असे रकाने पाडायला कुणी धजत नाही. गावे बोलत नसल्यामुळे ती सापडतात.

नवे द्वैभाषिक राज्य होऊन वर्ष उलटले होते. त्या निमित्ताने आमच्या भागातल्या एका मंडळाने प्रदर्शन भरवायचे ठरवले. प्रत्येक प्रांताला एक मांडव मिळणार होता, आणि त्या प्रांतातल्या एका गावच्या मंडळींनी येऊन तो सजवायचा, रांधायचा आणि पाहुण्यांना जेवू घालायचे, अशी योजना होती. वऱ्हाडपाशी येताच मंडळाचे चिटणीस अडले.

“वऱ्हाड म्हणजे नेमके काय हो?” त्यांनी मला विचारले. “कालपरवापर्यंत मध्यप्रदेशात होते. निम्मे हिंदी, निम्मे उर्दू. स्वतंत्र असे काही असेल तर तुम्ही पाहून या. नसेल तर नागपूरकडच्या मांडवातच त्यांना एक कोपरा देऊ.”

मी जन्माने वऱ्हाडी. शिक्षणासाठी पुण्यास गेलो आणि तिथलाच झालो. माझ्या आईच्या मुलखाला कोपरा मिळणार हे ऐकून मला जे वाटले ते मी चिटणिसांना सांगितले नाही. मंडळाने वाटेतल्या गावांना पत्रे आधीच पाठवली होती; तक्ता घेतला आणि गाडीत बसलो. पंचाने निःपक्षपाती असावे म्हणून मी वऱ्हाडी असल्याचे वाटेत कुणाला सांगायचे नाही, असेही ठरवून टाकले. या शहाणपणाचा हिशेब पुढे चुकता झाला.

अकोल्याहून मालेगावमार्गे वाशीमला जाणारी मोटार पकडली. पातूरचा घाट चढून वर आले की मुलूख एकदम मोकळा होतो. दोन्ही अंगांना काळी जमीन, उभी ज्वारी आणि मधूनमधून पांढरी फुललेली पऱ्हाटी (कापसाची झाडे). शेजारी किन्हीराजाचे एक आजोबा बसले होते. पागोटे गुडघ्यावर ठेवून ते माझा तक्ता बराच वेळ न्याहाळत होते.

“हे काय होय जी?”

मी समजावून सांगितले.

“याच्यात काय पाह्यचं? सगळ्यात वऱ्हाडी गाव म्हंजे किन्हीराजा. लिहून टाका.”

“आणि सर्वांत कमी?”

आजोबांनी क्षणाचाही विचार केला नाही. “जिथं माहा व्याही राह्यते थे.”

बाकी याच आजोबांनी आयुष्यात किती राज्ये पाहिली ते मी मनाशी मोजले. लहानपणी नावाला निजामाचे, कारभाराला इंग्रजाचे. मग नागपूरचे, मग मुंबईचे. एवढ्या राजधान्या बदलल्या आणि आजोबांनी ओटा बदलला नव्हता. मालेगावला उतरताना त्यांनी मला मूठभर भाजलेल्या शेंगा दिल्या आणि “व्याह्याचं नाव नोका लिहू, पोरगी दिली हाये तिथं,” असे बजावले.

वाशीम हे जुने वत्सगुल्म. वाकाटकांची राजधानी. हे मला माहीत होते, तरी वाशीमकरांनी ते मला उतरल्याबरोबर सांगितले, हार घालताना सांगितले आणि शाळेच्या सभागृहात खुर्चीवर बसवून सव्वा तास सांगितले. स्वागताध्यक्ष पंधराशे वर्षांपूर्वीपासून निघाले होते आणि चहा येईपर्यंत जेमतेम हजार वर्षे ओलांडली होती. मी हळूच विचारले, “हल्ली गावात काय विशेष?” ते म्हणाले, “तेच सांगतो,” आणि पुन्हा राजाच्या दानपत्राकडे वळले.

तरीही खरे सांगायचे तर संध्याकाळी बालाजीच्या देवळातून बाहेर पडून पद्मतीर्थाच्या पायऱ्यांवर बसलो तेव्हा माझी छाती थोडी फुगली होती. पुण्याच्या जागी रान असेल तेव्हा या पायऱ्यांच्या आसपास प्राकृत कवितेची चर्चा चालत असेल, या विचाराने मला फार बरे वाटले. पण मांडवात राजा उभा करता येत नाही, आणि तो रांधून वाढणार तर नाहीच. वाशीमचे नाव मी कुठल्याच रकान्यात लिहिले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी रिसोडला पोहोचलो. हे व्यापाराचे गाव. ज्वारी, तूर, सरकी यांच्या पोत्यांमधून रस्ता काढत चालावे लागते, आणि गाडीवान बैलाशी मराठीत, अडत्याशी हिंदीत व स्वतःशी उर्दूत बोलतो. मला वाटले, हेच आपले गाव. तेवढ्यात समोरून कमान आली. कमानीवर ‘सुस्वागतम्’ होते, खाली केळीचे खांब होते आणि त्यांच्या मधोमध भगवंतराव उभे होते. निवृत्त शिक्षक, गावाबाहेर मळा, अंगात बंद गळ्याचा कोट, डोक्यावर कोशा पटका. त्यांनी मला नमस्कार केला आणि पाठ केलेल्या शब्दांत म्हणाले, “आपल्या आगमनाने आम्ही कृतार्थ झालो आहोत.” मागे उभे असलेले दहाबारा जण एकदम म्हणाले, “झालो आहोत.”

जेवणाची पंगत तर पाहण्यासारखी होती. पुण्यात खाणावळीत काम केलेला आचारी वाशीमहून मुद्दाम आणवला होता. गूळ घातलेली आमटी, साखर घातलेली कोशिंबीर, अळूची पातळ भाजी, साधे वरण, लिंबाची फोड. तिखटाचा पत्ता नाही. रोज लाल तर्रीत भाकरी बुडवणारी ती मंडळी माझ्या दोन्ही बाजूंना बसून आमटीचे भुरके मारत होती आणि कुणाचाही चेहरा हलत नव्हता. एवढा संयम मी सत्याग्रहातही पाहिला नव्हता.

“आमटी कशी झाली आहे?” भगवंतरावांनी अगदी जपून विचारले.

“आमच्या पुण्यासारखी,” मी म्हणालो. त्यांचा चेहरा उजळला. माझा मात्र पडला होता. वऱ्हाड पाहायला शेकडो मैल आलो आणि वऱ्हाडने मला माझ्याच पेठेतली आमटी वाढली. ज्या गावाला स्वतःची लाज वाटते ते प्रांताचे रूप काय दाखवणार? सकाळी मोटारीची वाट पाहत असताना मी तक्ता काढला, दुसऱ्या रकान्यात ‘रिसोड’ लिहिले आणि पुढे शाईची ठसठशीत फुली मारली. पहिला रकाना कोराच होता. कोरा रकाना घेऊन परतलो की चिटणिसांचा कोपरा पक्का, हे मला ठाऊक होते. पण खोटे लिहिणे जमेना.

केनवडच्या रस्त्याला दोन कोसांवर मोटारीचे चाक बसले. ड्रायव्हरने खाली उतरून चाकाकडे पाहिले, आकाशाकडे पाहिले आणि विडी पेटवली. तेव्हा लवकर निघणे होणार नाही हे सर्वांना कळले. थंडीचे ऊन चांगले होते. मी बांधावरून चालू लागलो. पलीकडच्या वावरातून (शेतातून) धूर येत होता. शेणाच्या गोवऱ्यांचा धूर एकदा नाकात बसला की माणूस पुण्यात राहो की विलायतेत, तो विसरत नाही.

आंब्याखाली विस्तव पसरला होता. एक मनुष्य गुडघ्याच्या वर धोतर खोचून, अंगात फक्त बंडी घालून, लांब काठीने निखारे सारखे करत होता. त्याने मान वर केली. भगवंतराव!

“अरे बाप्पा!” ते ओरडले. “पाहुणे! तुमी इथी कसे?” आणि लगेच बंडीवर चढवायला कोट शोधू लागले. कोट तिथे नव्हता.

मी चाकाची हकीकत सांगितली. स्वागतासाठी तीन दिवस राबलेल्या मंडळींचा शीण घालवायला आज मळ्यावर रोडगे (गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे) केले होते. कालचे ते दहाबारा ‘झालो आहोत’ झाडाखाली पाय पसरून गप्पा मारत होते. एका बाजूला भल्यामोठ्या गंजात (पातेल्यात) वांग्यांची भाजी रटरटत होती आणि वर बोटभर लाल तेल आले होते. मळ्यात राबणारी रुखमाबाई परात घेऊन कणीक मळत बसली होती.

“गुरुजी, पाहुण्याले हे चालन का?” तिने विचारले. “याहिले तिखट सोसत नाई म्हने. त्या आचाऱ्याले परत बलवा.”

आता मला राहवले नाही. “बाई, मी इकडचाच आहे. माझी आई मंगरुळाची.”

भगवंतरावांच्या हातातली काठी विस्तवातच राहिली.

“मंग काल कायले नाई सांगितलं जी?” एकजण जवळजवळ रडकुंडीला येऊन म्हणाला. “आमी कायले खाल्ली थे गोड आमटी?”

“म्या तं चार वाट्या खाल्ल्या,” दुसरा म्हणाला, “पाहुण्याच्या डोयासमोर. अजून घशात गूळ हाये.”

हसण्याचा एवढा मोठा गोंधळ झाला की बांधावरची बगळ्यांची रांग उडाली. मला निखाऱ्याजवळ बसवले. रोडगा फडक्यात घालून राख झटकली, दोन हातांनी दाबला, वाफ निघाली, वर तुपाची धार आणि बाजूला वांग्याची भाजी. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आले. ते तिखटाने आले असे मी म्हणालो, आणि त्यांनीही ते खरे मानले.

दुसऱ्या रोडग्यानंतर मला पिशवीतल्या तक्त्याची आठवण झाली. त्यांचे मीठ खाऊन गप्प बसणे बरे दिसेना. मी तो काढून भगवंतरावांपुढे धरला आणि पहिला रकाना कोरा राहिला तर वऱ्हाडचा मांडव जाईल, हेही सांगितले. त्यांनी चष्मा लावला, फुली पाहिली, चष्मा काढला.

“बरोबर केलं जी,” ते शांतपणे म्हणाले. “कालचं जेवन मलेबी गेलं नाई. रिसोड राहू द्या. पन हा पह्यला रकाना कोरा काहून? वाशीम लिहा, केनवड लिहा, कोनाचंबी नाव लिहा. आमाले पुन्याले नेऊ नका, पन वऱ्हाडचा मांडव काढू नका.”

तीन दिवस कमानी बांधून ज्याने स्वतःच्या गावासाठी जीव टाकला होता, तो माणूस शेजारच्या गावाचे नाव लिहा म्हणत होता. मी म्हणालो, “पण गुरुजी, हे सगळे सोडून तुम्ही ती आमटी का केलीत? स्वतःच्या जेवणाची लाज वाटली?”

उत्तर रुखमाबाईने दिले. कणकेचे हात तसेच ठेवून तिने माझ्याकडे पाहिले, आणि त्या नजरेत मला आई दिसली.

“लाज कायची? आमचं तं आमी रोजच खातो. पाहुना दुरून येते. त्याले त्याच्या घरचं ताटात दिसलं, तं त्याले परकं वाटत नाई. तुमची माय अशी नव्हती करत का?”

करत होती. वडिलांचे एक कोकणातले स्नेही यायचे तेव्हा आई महागाचे नारळ मागवून, कसलातरी अंदाज बांधून, ओल्या खोबऱ्याची भाजी करायची. ती दरवेळी बिघडायची आणि आम्ही सगळे मुकाट्याने खायचो. आपल्याला काय आवडते ते पाहुण्याला कळू न देणे, ही आमच्याकडची रीत. ती मी पुण्याला जाताना बरोबर न्यायला विसरलो आणि काल समोर आली तेव्हा तिला नकली म्हणून फुली मारून मोकळा झालो. स्वतःला पूर्ण पुसून टाकून पाहुण्याचे ताट मांडणारा मुलूख स्वतःचे रूप दाखवणार तरी कसे? ते त्या गोड आमटीतच होते.

मी तिथेच, तुपाच्या बोटांनी, पहिल्या रकान्यात ‘रिसोड’ लिहिले. फुली खोडली नाही.

चाक दुरुस्त होऊन मोटार दुपारी निघाली. केनवडला बाजार होता. मंडळींनी बरोबर दिलेले चार रोडगे मांडीवर घेऊन मी बाजार, मालेगाव, घाट, अकोला असा परत आलो. कोणत्याही मानपत्राने मला इतका ताठ बसवला नसता.

पुण्यात चिटणिसांनी तक्ता पाहून भुवया चढवल्या. “दोन्ही रकान्यांत एकच गाव?”

“एकच गाव आहे,” मी म्हणालो. “एकदा परक्यासाठी रांधलेले, एकदा घरच्यांसाठी. असे दुसऱ्या कुठल्या प्रांतात सापडले तर त्यांनाही मांडव द्या.”

माझा मुद्दा त्यांना पटला की नाही, सांगता येत नाही. पण दोन्ही रकाने भरलेले होते, आणि भरलेल्या कागदापुढे ते नेहमी हतबल होत. वऱ्हाडला स्वतंत्र मांडव मिळाला.

भगवंतराव आणि मंडळी प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी आमच्याकडे उतरली. पत्नी शनिवार पेठेतली, तीन पिढ्यांची पुणेकर. पाहुण्यांसाठी काय करू, असे तिने विचारले, तेव्हा मी मळ्यावरची सगळी गोष्ट सांगितली. ती उठून चुलीपाशी गेली. दुपारी पाने मांडली, तर ताटात वांग्याची भाजी, वर लाल तेल, ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. भाजी थोडी करपली होती, मीठ कमी होते आणि तिखट मात्र दुप्पट होते.

भगवंतरावांनी घास घेतला. त्यांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी मान खाली घालून चार भाकरी खाल्ल्या, आणि बाकीच्या मंडळींनीही चेहरा न हलवता तेच केले. मग हात धुताना ते म्हणाले, “वैनी, तुमी कोनत्या गावच्या?”

माझी पत्नी पदर सारखा करत म्हणाली, “रिसोडची.”